फणसावर मटणाचा आळ

गेल्या काही वर्षांत कोवळ्या फणसाला एक नवी पदवी मिळाली आहे: शाकाहाऱ्यांचे मटण. शहरी उपाहारगृहांत त्याचे कबाब होतात, बिर्याणी होते. युरोप-अमेरिकेत त्याचा मसालेदार चुरा बर्गरमध्ये भरतात. ही पदवी चवीपुरती असती, तर तक्रार नव्हती. बंगालमध्ये कोवळ्या फणसाला ‘गाछपाठा’, म्हणजे झाडावरचा बोकड, म्हणतात. उत्तरेत कटहल गरम मसाल्यात मांसासारखाच शिजवतात. पण दोन्हीकडे खाणाऱ्याला आपल्या ताटात भाजी आहे हे पक्के ठाऊक असते. आताचे म्हणणे त्यापुढचे आहे. पोषणातही फणस मटणाच्या तोडीचा आहे, मटण सोडून फणस धरला की हिशेब जुळला, असे चांगली शिकलेली माणसे छातीठोकपणे सांगू लागली आहेत. फणसावर माझेही प्रेम आहे, आणि ते प्रेम असल्या खोट्या शिफारसपत्रावर अवलंबून नाही. म्हणून हा वाद.

दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात काही पराक्रम नाही, तेव्हा तो आधी पुऱ्या ताकदीनिशी मांडतो. फणसवादी म्हणतात: कुयरी, म्हणजे कोवळा फणस, शिजली की तिच्या रेषा मांसासारख्या सुटतात, मसाला आतपर्यंत मुरतो. फळांच्या मानाने फणसात प्रथिने बरी आहेत, आणि आठळ्यांत तर चांगलीच आहेत. त्यात कोलेस्टेरॉल नाही, चरबी जवळपास नाही, तंतू आहे, पोटॅशियम आहे, क जीवनसत्त्व आहे. उलट लाल मांसाविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली इशारा दिला आणि त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात टाकले. शिवाय फणसाचे झाड खत-पाणी फारसे न मागता पिढ्यान् पिढ्या फळते.

यातले जवळजवळ प्रत्येक विधान खरे आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

प्रथिनांपासून सुरुवात करू, कारण मटणाची जागा मागणाऱ्याला पहिला जाब तिथेच द्यावा लागतो. बोकडाच्या बिनचरबीच्या कच्च्या मांसात 100 ग्रॅममागे सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. पिकलेल्या गऱ्यात ती दोन ग्रॅमही भरत नाहीत. कोवळ्या फणसात, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांनुसार, सुमारे अडीच ग्रॅम. म्हणजे पावशेराच्याही आतल्या मटणाचे काम करायला कुयरीची पाऊण किलोहून जास्त भाजी एका बैठकीत संपवावी लागेल. पिकलेले गरे घेतले, तर सव्वा किलोच्या आसपास खावे लागतील. त्यांतून 1,100 च्या आसपास उष्मांक आणि 200 ग्रॅमहून अधिक साखर पोटात जाईल. एवढे करून मिळेल ते 100 ग्रॅम मटणाइतके प्रथिन. याला तोडीस तोड म्हणायचे का, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर एक चतुर उत्तर येते. फणसात पाणीच फार, म्हणून आकडा लहान दिसतो. पाणी वगळून मोजा! ठीक आहे, वगळू. कोवळ्या फणसाच्या 100 ग्रॅमपैकी सुमारे 84 ग्रॅम पाणी असते. उरलेल्या 16 ग्रॅममध्ये अडीच ग्रॅम प्रथिने, म्हणजे सोळा टक्क्यांच्या आतबाहेर. पण मग मटणातलेही पाणी वगळायला हवे, आणि तिथे हिशेब नेमका अर्धवट सोडला जातो. बिनचरबीच्या मांसात सुमारे 76 ग्रॅम पाणी असते. उरलेल्या 24 ग्रॅममधले 20 ग्रॅम प्रथिनच आहे. सोळा टक्के एकीकडे, ऐंशीच्या वर दुसरीकडे. वाळवलेल्या फणसाची ओल्या मटणाशी तुलना करणे हा मापातला खोटेपणा आहे, मग तो कितीही सद्हेतूने केलेला असो.

आणि रेषांचे काय? त्यावर तर सारी मोहिनी उभी आहे. मांसाची रेषा ही स्नायूची रेषा. ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांनीच ती बनलेली असते. फणसाची रेषा वनस्पतीच्या पेशीभित्तिकांची, म्हणजे सेल्युलोज आणि पेक्टिन यांची. दातांना दोन्ही सारख्या लागतील. शरीराला मात्र त्यांतून वेगळे काहीतरी मिळते. सारखे दिसते म्हणून सारखे पोसते, असा न्याय लावायचा ठरवला, तर गारगोटीलाही खडीसाखर म्हणावे लागेल.

आठळ्यांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पूर्वपक्षातला हा सर्वांत बळकट दुवा, आणि गंमत म्हणजे फणसवादी तोच सर्वांत कमी वापरतात. त्यांचे लक्ष रेषांवर. आठळ्यांत 100 ग्रॅममागे साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आहेत. तीनशे ग्रॅम आठळ्या आणि शंभर ग्रॅम मटण यांचे प्रथिन जवळपास बरोबरीचे. उष्मांक सुमारे 400, तेही सोसण्यासारखे. एका वेळी तीनशे ग्रॅम आठळ्या खाल्ल्यावर पोटात काय चालते, हे ज्याने त्याने कोकणातल्या आपापल्या नातेवाइकांना विचारावे. मी त्यावर लिहीत नाही. पण आठळी मुळात पिठूळ आहे. तिच्यात प्रथिनांच्या चौपट कर्बोदके आहेत. आणि कबाबात, बर्गरमध्ये जाणाऱ्या कोवळ्या फणसात ती तयारच झालेली नसते. ज्या बळावर दावा करायचा, ते त्या ताटात नसतेच.

प्रथिनांच्या राशीइतकाच त्यांचा कसही मोलाचा. शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी अमिनो आम्ले मांसात आवश्यक प्रमाणात असतात आणि ती पचतातही चांगली. प्रथिनांचा कस लावताना ही पचनक्षमता धरली पाहिजे, असे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी 2013 मध्ये नव्या मोजपद्धतीसह सुचवले. फणसवादी जाहिरातींत या कसोटीचा उल्लेख तरी सापडतो का?

आता ज्या मुद्द्यामुळे हा वाद केवळ खवय्यांचा राहत नाही, त्याकडे वळतो. ब-12 हे जीवनसत्त्व फणसात नाही. कमी आहे असे नव्हे, नाहीच. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर, झोपडपट्टी आणि ग्रामीण भागातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-12 कमी आढळले, आणि शाकाहाऱ्यांमध्ये हा धोका अधिक होता. जिथे हे भांडे आधीच रिकामे आहे, तिथे मटण सोडणाऱ्याला ‘फणस घ्या, सगळे भरून निघेल’ असे सांगणे निरुपद्रवी आहे काय?

लोहाचेही तसेच. मटणात 100 ग्रॅममागे अडीच मिलिग्रॅमच्या पुढे लोह. पिकलेल्या गऱ्यात त्याचा पाव हिस्साही नाही. त्यातही मांसातल्या लोहाचा एक मोठा भाग हीम स्वरूपात असतो आणि आतडे तो वनस्पतीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषते. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. बर्गर खाणाऱ्या हौशी पर्यटकाचे यात काही बिघडत नाही. बिघडते ते त्या मुलीचे, जिने कळवळ्याने मटण सोडले आणि भरपाई झाली असे मानून ती स्वस्थ राहिली.

मग मटणाविरुद्धचे आक्षेप खोटे का? मुळीच नाहीत. 2015 चा इशारा खरा आहे. मांसात तंतू शून्य, क जीवनसत्त्व जवळपास शून्य. रोज मटण चेपणाऱ्याची बाजू घ्यायला मी उभा नाही. पण प्रतिपक्ष सदोष ठरला म्हणून आपला पक्ष सिद्ध होत नाही, हे न्यायशास्त्राचे पहिलेच पाऊल. मटण हानिकारक ठरले, तर फार तर ते कमी खावे असे सिद्ध होईल. त्याची जागा फणसाने भरते, हे त्यातून कसे निघते? पोटॅशियमचा गौरवही जपून करावा: मटणातही ते फणसापेक्षा फार कमी नाही, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला तर फणसातले पोटॅशियम त्रासदायकच ठरते. झाडाच्या पर्यावरणीय गुणांविषयी वाद नाही. पण प्रश्न पोषणाचा होता.

खंडन इथवर. आता मंडन, आणि मला अधिक गोडी त्यात आहे.

फणसाचा खरा तुल्यबळ प्रतिस्पर्धी मटण नाही, भात आहे. शिजलेल्या पांढऱ्या भातात 100 ग्रॅममागे सुमारे 2.7 ग्रॅम प्रथिने आणि 130 उष्मांक असतात. कोवळ्या फणसात प्रथिने जवळपास तेवढीच, उष्मांक 50 च्या आसपास, आणि वर भातापेक्षा कितीतरी अधिक तंतू. इथे फणस जिंकतो, आणि निर्विवाद जिंकतो. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम येथे टाइप 2 मधुमेहाच्या 40 रुग्णांवर झालेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कच्च्या फणसाचे पीठ रोज 30 ग्रॅम, बारा आठवडे दिले गेले. रक्तशर्करेचे मान त्या गटात सुधारले. चाचणी लहान आहे, तिचा डंका पिटू नये. पण ते पीठ कशाच्या बदली दिले होते, ते पाहा: तांदूळ आणि गव्हाच्या. शास्त्रज्ञांनी फणसाला धान्याच्या रांगेत बसवले, आणि तीच त्याची रांग आहे. केरळमध्ये, जिथे 2018 साली फणसाला राज्यफळाचा मान मिळाला, तिथे शिजवलेला फणस भाताऐवजी खाण्याची चाल जुनीच आहे.

आणि आपल्या कोकणाने हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. कुयरीची भाजी नुसती होत नाही. तिच्यात शेंगदाणे पडतात, भिजवलेले काळे वाटाणे किंवा वाल पडतात. जिथे फणस उणा, तिथे कडधान्य पुरे. ज्या दिवशी वड्यांबरोबर कोंबडी चालत नाही, त्या दिवशी मालवणी घरात तिच्या जागी काळ्या वाटाण्याचे सांबारे येते. कोंबडीची जागा कोणाला द्यायची हे त्या स्वयंपाकघराला कोष्टकाशिवाय कळले होते. सुक्या वाटाण्यात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने. आणि वर मी पाण्याच्या हिशेबावरून इतरांना धरले, तेव्हा हेही सांगितले पाहिजे की शिजल्यावर वाटाणा पाणी पितो आणि हा आकडा सात-आठवर येतो. तरीही तो फणसाच्या तिप्पट. ब-12 वाटाणाही देत नाही. त्यासाठी दूध, दही, अंडी किंवा वैद्यकीय सल्ल्याने गोळी, यावाचून मार्ग नाही.

शेवटचा बचाव भावनेचा असतो: थोडी अतिशयोक्ती झाली तर काय बिघडले, लोक मांस तरी कमी खातील! पण तयार फणसाचे पाकीट विकत घेणाऱ्याला ते उलटून मागची पोषणाची चौकट वाचता येते. पुढच्या बाजूला मटणाची ऐट आणि मागे प्रथिनांच्या ओळीत एक-दोन ग्रॅम, हे दोन्ही त्याने एकदा वाचले, की तो फणसाच्या खऱ्या गुणांवरही विश्वास ठेवणार नाही.