खेळाडू कुणाचा?

एक हंगाम संपावा आणि दुसरा सुरू होण्यास अद्याप चार-पाच महिने असावेत, हा काळ खेळाच्या शौकिनांना मोठा जड जातो. मैदान ओस पडलेले असते, पण तोंडे बंद नसतात. कोण कुठल्या संघात गेला, कुणाला सोडले, कुणाला किती मिळाले, आणि या उलाढालीनंतर यंदा आपल्या संघाचे काय होणार, याची चर्चा चहाच्या टपरीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत चाललेली असते. खेळ प्रत्यक्ष पाहताना माणूस जेवढा तावातावाने बोलत नाही तेवढा या मधल्या काळात बोलतो. हे खूळ अगदी अलीकडचे आहे, पैशाच्या बाजारातून आले आहे, पूर्वी खेळाडू आपल्या मातीसाठी खेळत, असे आपल्याकडील वडीलधारी मंडळी सांगतात. हे म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, ते आज पाहावयाचे आहे.

आरंभी थोडे दूर जाऊ. कॅनडात बर्फावरची हॉकी हा नुसता खेळ नाही. हिवाळ्यातला तो लोकधर्म आहे. तेथील व्यावसायिक संघांची संघटना, नॅशनल हॉकी लीग, १९१७ साली माँट्रिअल शहरी स्थापन झाली. तिच्यात पुढे कित्येक दशके असा करार रूढ होता की एकदा क्लबाने खेळाडूला करारात बांधले की मुदत संपली तरी त्याच्यावरचा हक्क क्लबाचाच राही. क्लबाने त्याला ठेवावे, विकावे, दुसऱ्याशी अदलाबदल करावी. खेळाडूने मात्र आपण होऊन दुसरे दार ठोठावू नये. १९७२ साली जागतिक हॉकी संघटना नावाची प्रतिस्पर्धी संस्था निघाली आणि शिकागोचा बॉबी हल हा नामांकित खेळाडू विनिपेगच्या नव्या संघात गेला, तेव्हा कुठे या साखळीचे कडे ढिले झाले. दुसरा घेणारा उभा राहिल्याशिवाय पहिल्याची पकड सुटत नाही. हे सूत्र ध्यानात ठेवावे. ते पुढे आपल्या घरातही उपयोगी पडणार आहे.

त्याच देशात ९ ऑगस्ट १९८८ रोजी एक सौदा जाहीर झाला. एडमंटन शहराचा वेन ग्रेट्स्की, ज्याने त्या संघाला चार वेळा स्टॅनले चषक मिळवून दिला होता, तो दोन सहकाऱ्यांसह अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या संघाला देण्यात आला. बदल्यात एडमंटनला दोन खेळाडू, पुढील वर्षांतील नव्या खेळाडूंच्या निवडीचे तीन हक्क आणि दीड कोटी डॉलर मिळाले. कॅनडाच्या संसदेतील एका सभासदाने सरकारने हा सौदा थांबवावा अशी मागणी केली! खेळाडू म्हणजे काय कोळशाची खाण, की तिची निर्यात सरकारने रोखावी? आपल्याला हसू येईल. पण त्या मागणीच्या मुळाशी जो प्रश्न होता तो खरा होता: ज्याला आम्ही आमचा म्हणून डोक्यावर घेतले, तो कुणाचा?

आता आपल्याकडे या. मुंबईत १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने होत. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान आणि शेवटी ‘इतर’ असे हे संघ. येथे खेळाडूची खरेदी-विक्री नव्हती, ओढाओढ नव्हती. कारण संघ जन्मानेच ठरलेला. पारशाने हिंदूंकडून खेळावे हे कुणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. खेळाडू बाजारात नसावा असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण अवश्य तपासून पाहावे, कारण बाजार नव्हता तिथे न्याय होता असे मुळीच नाही.

पाळवणकर बंधूंची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. पाळवणकर बाळू हा चांभार समाजातला. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता तो साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकू लागला, आणि डावखुऱ्या फिरकीत असा तरबेज झाला की पुण्याच्या हिंदू मंडळींना त्याला संघात घेण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. मैदानात त्याचा चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. पुढे तो पुणे सोडून मुंबईस गेला, तेथे बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरीस लागला आणि हिंदूंच्या संघाचा आधारस्तंभ झाला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ विलायतेस गेला, त्यात बाळूने शंभरांहून अधिक गडी बाद केले. इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. १९२० साली त्याला संघातूनच वगळले तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्याचे दोघे भाऊ संघाबाहेर पडले. मोठा गवगवा झाला. अखेर तिघेही परत आले आणि बाळूला उपकर्णधार करण्यात आले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याच्या हाताखाली हिंदूंनी स्पर्धा जिंकली. संघ सोडून जाण्याचा अधिकार म्हणजे काय, हे या भावांनी १९२० साली दाखविले. त्यांच्यापाशी दुसरा संघ नव्हता. होता तो केवळ नकार.

धर्मावर आधारलेल्या या सामन्यांना गांधीजींनी १९४० च्या अखेरीस उघड विरोध दर्शविला. १९४६ नंतर ते बंदच पडले. पण त्याआधीच, १९३४ साली, प्रांतवार सामन्यांची रणजी स्पर्धा सुरू झाली होती. आता संघ जन्मावर नव्हे तर प्रदेशावर ठरू लागला. प्रदेश म्हटले की राजेरजवाडे आले, आणि राजेरजवाडे आले की राजाश्रय आला.

मराठी माणसाला यात नवीन काही नव्हते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पंजाबातून पैलवान आणून पोसले. १९१२ साली खासबागेचे मैदान बांधले. दरबारचा पैलवान ही संस्था आपल्या परिचयाचीच. पैलवानाच्या जागी फलंदाज आला, इतकाच काय तो फरक.

नागपुरात जन्मलेले, तेलुगु घराण्यातले सी. के. नायडू १९२३ साली होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून इंदुरास गेले. त्यांना होळकरांच्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा मिळाला. पुढे ते कर्नल म्हणून ओळखले गेले. हा हुद्दा लढाईसाठी नव्हता हे सांगावयास नको. यशवंतराव होळकरांच्या आश्रयाखाली असा संघ उभा राहिला की १९४४–४५ ते १९५४–५५ या अकरा हंगामांत दहा वेळा तो रणजीच्या अंतिम सामन्यात होता आणि चार वेळा अजिंक्य ठरला. इंदूरचा मुश्ताक अली घरचा. पण सागरात जन्मलेले चंदू सरवटे, कोल्हापुरात जन्मलेले भाऊसाहेब निंबाळकर ही मंडळी बाहेरून आलेली. १९४४–४५ च्या अंतिम सामन्यात तर महायुद्धामुळे हिंदुस्थानात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा काढून गेला. सामना मात्र मुंबईने जिंकला.

तिकडे बडोद्यास गायकवाड. सांगलीत जन्मलेला विजय हजारे प्रथम महाराष्ट्राकडून खेळला, देवासच्या महाराजांचा आश्रय त्याला लाभला, पुढे तो मध्य हिंदुस्थानच्या संघात दिसला आणि १९४१ च्या सुमारास बडोद्यास स्थिरावला. लाहोरचा गुल महंमदही बडोद्याकडून खेळू लागला. मार्च १९४७ मध्ये बडोद्याच्या मैदानावर गायकवाड आणि होळकर समोरासमोर उभे राहिले. दोन्ही घराणी पेशवाईतली. त्यांचे पूर्वज माळव्यात आणि गुजरातेत घोडदळ घेऊन हिंडले, आणि हे वंशज आता खेळाडू गोळा करीत होते. होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत आटोपला. मग हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९! चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी. बडोद्याने ७८४ धावा केल्या आणि एक डाव ४०९ धावांनी सामना जिंकला. सांगलीचा एक आणि लाहोरचा एक, अशा दोघांनी बडोद्याची अब्रू वाढविली. आणि बडोदेकरांनी ती आपलीच मानली. या संघांत मातीचा हिशेब कुणी मांडला होता? त्याच वर्षी ऑगस्टात लाहोर दुसऱ्या देशात गेले, ही निराळी कथा.

तेव्हा ‘पूर्वी खेळाडू मातीसाठी खेळत’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. माणूस तेव्हाही पोटासाठी गावे बदलीत असे, आणि त्यात गैर काहीच नाही. फरक इतकाच की दरबारी नोकरी एका हंगामाची नसे. हजारे १९६१ पर्यंत बडोद्याकडून खेळले. नायडूंच्या नावाशी इंदूर कायमचे जोडले गेले. राजाची मर्जी होती तोवर खेळाडूच्या घरची चूल पेटती राही. पण मर्जी ती मर्जीच. संस्थाने विलीन झाली आणि हा आश्रय आटत गेला. निंबाळकरांचेच पाहा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडाविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना ते ४४३ वर नाबाद होते, ब्रॅडमनचा ४५२ चा उच्चांक हाताच्या अंतरावर होता, आणि प्रतिपक्षाचा संस्थानिक कर्णधार सामना सोडून निघून गेला. हा गृहस्थ बडोदा, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान आणि रेल्वे अशा संघांतून खेळला. भारताकडून एकही कसोटी त्याच्या वाट्याला आली नाही. नायडूंना स्वतःला १९५६–५७ साली, वयाच्या ६१ व्या वर्षी, उत्तर प्रदेशाकडून रणजीत उतरावे लागले, किंवा उतरावेसे वाटले; दोन्ही शक्य आहे.

दरबारांची जागा मग कचेऱ्यांनी घेतली. स्टेट बँकेत वाडेकर, ए.सी.सी.त उम्रीगर, निर्लॉनमध्ये गावसकर. कबड्डीत रेल्वे, पोलीस, महिंद्र, एअर इंडिया. या नोकऱ्यांनी मराठी कुटुंबांना जे स्थैर्य दिले त्याची थोरवी गायला निराळे व्याख्यान लागेल.

येथे आपल्या मुलखाची एक गंमत सांगतो. १९३७–३८ साली हैदराबादने रणजी चषक जिंकला, तेव्हा नकाशावर औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. म्हणजे त्या वर्षी आपला संघ हैदराबादचा! पुढे १९४८, १९५६, १९६० असे टप्पे ओलांडून मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि येथील मुले पुण्याच्या छत्राखाली खेळू लागली. औरंगाबादेत जन्मलेला द्रुतगती गोलंदाज इक्बाल सिद्दिकी महाराष्ट्राकडून खेळला आणि डिसेंबर २००१ मध्ये मोहालीस इंग्लंडविरुद्ध भारताकडून कसोटीत उतरला. खेळाडू एका संघातून दुसऱ्यात जातो हे आपण नेहमी पाहतो. आपल्याकडे प्रेक्षकच, घर न हलविता, एका संघातून दुसऱ्यात गेला. हर्सूलकरांना हे वेगळे समजावून देण्याची गरज नाही. शहराबाहेरचे हे गाव कुठेही न जाता महापालिकेत आले.

आता लिलाव. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला. धोनीवर चेन्नईने १५ लाख डॉलर लावले. तेंडुलकर मुंबईचा, गांगुली कोलकात्याचा, असे पाच जण मात्र आपापल्या शहरासाठी राखून ठेवले होते. आयोजकांनाही ठाऊक होते की प्रेक्षक धरून ठेवण्यास माती लागते. २०१४ साली कबड्डीची प्रो लीग निघाली. पहिल्या लिलावातला सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. २०२३ साली पवन सेहरावतवर तेलुगु टायटन्सने २ कोटी ६० लाखांहून अधिक बोली लावली. हुतूतूच्या मैदानात ज्यांनी नारळ आणि फेटा यांवर समाधान मानले, त्यांना हे आकडे ऐकून काय वाटत असेल!

या लिलावाचे वर्म असे: प्रत्येक संघाची थैली ठरलेली, कबड्डीत अलीकडे ती पाच कोटींची असते, काही गडी राखता येतात, बाकीचे सोडावे लागतात, आणि सुटलेल्याला जो अधिक देईल त्याच्याकडे त्याने जावयाचे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली ३६ लाख ४० हजारांत यू मुंबाकडे आला. त्याने चढायांत दोनशेंहून अधिक गुण केले. मुंबईकरांनी त्याला उचलून धरले, आणि पुढल्याच वर्षी तो १ कोटी ४५ लाखांना तेलुगु टायटन्सचा झाला. इराणचा महंमदरेझा शादलुई २०२३ साली २ कोटी ३५ लाखांना पुणेरी पलटणकडे आला. नगर जिल्ह्याच्या अस्लम इनामदारच्या कर्णधारपदाखाली १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणाला हरवून विजेतेपद मिळविले. पुण्याने त्याला राखले नाही. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्याच्याच बालेवाडीत हरियाणा विजेता ठरला.

दाम वाढला हे निःसंशय चांगले झाले. चंदगडच्या पोराला दीड कोट मिळावेत याचे ज्याला दुःख होईल तो खेळाचा मित्र नव्हे. पण येथे घेणारे डझनभर असूनही कुणाकडे जावयाचे हे खेळाडू ठरवीत नाही; बोली ठरविते. बॉबी हलला दुसरा घेणारा मिळाला तेव्हा त्याने स्वतः होकार दिला होता. हजारेंनी बडोदा पत्करले होते. लिलावातल्या गड्याला होकार विचारीत नाहीत. माझा आक्षेप पैशाला नाही, या न विचारण्याला आहे.

आणि प्रेक्षक? बडोद्यात वाढलेला हार्दिक पंड्या नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या संघातून मुंबईस परत घेण्यात आला, आणि डिसेंबरात बोरिवलीच्या रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केले. १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी घरच्याच प्रेक्षकांनी त्याची अशी हुर्यो उडविली की समालोचक संजय मांजरेकरांना ‘नीट वागा’ असे सांगावे लागले. निर्णय मालकांचा, शिव्या खेळाडूला. त्यानंतर भारताने विश्वचषक जिंकला आणि ४ जुलै २०२४ रोजी विजयी संघ त्याच वानखेडेवर आला. त्या दिवशी सारे मैदान हार्दिकच्या नावाचा जयघोष करीत होते.