टाकसाळीतून तारमार्गावर

तारमार्गाच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचे, तर आधी संस्था, अभ्यासक्रम आणि पदनिर्मिती हवी, अशी आपल्या प्रशासनाची धारणा आहे. कोलकात्याचा अनुभव निराळा आहे. डॉ. विल्यम ओ'शॉनेसी यांनी तेथून डायमंड हार्बरपर्यंत तारायंत्राचा मार्ग उभारला, त्या १८५१ साली हा व्यवसायच देशात नव्हता. (ते स्वतः पेशाने वैद्य व रसायनशास्त्राचे प्राध्यापक!) टाकसाळीत १८४६ पासून आपल्या हाताखाली असलेल्या शिवचंद्र नंदी यांना त्यांनी सोबत घेतले. नंदींनी ही विद्या प्रत्यक्ष कामावरच आत्मसात केली. डायमंड हार्बरहून पहिला संकेत त्यांनीच पाठविला आणि १८५२ मध्ये त्या मार्गाची देखरेख त्यांच्याकडे आली.

गुरूजवळ उभे राहून शिकण्याची ही सोय आज कंत्राटावर विजेच्या खांबावर चढणाऱ्या कामगाराला क्वचितच लाभते. त्याच्या जिवाची जोखीम मात्र कितीतरी अधिक असते.

नंदींचे कौशल्य पूर्व बंगालच्या मार्गावर कसाला लागले. खांबांऐवजी त्यांनी ताडाचे बुंधे वापरले, तर पद्मा नदीच्या पात्रात तार टाकण्यासाठी महागड्या आगबोटीऐवजी कोळ्यांच्या होड्या भाड्याने घेतल्या. सरकारने त्यांना रायबहादूर केले, ते १८८३ साली.