वाचणाऱ्याच्या भरवशावर

यंत्रावरच्या लघुलेखनात वेग कशाने येतो, असे विचारले तर बहुतेक जण यंत्राकडे बोट दाखवतील. अमेरिकेतल्या न्यायालयांतले स्टेनोटाइप यंत्र पाहिले की तसे वाटणे साहजिक आहे. वॉर्ड स्टोन आयर्लंड या न्यायालयीन लघुलेखकाने १९११च्या सुमारास ते घडवले. टाइपरायटरवर एका वेळी एकच कळ दाबायची असते. इथे दोन्ही हातांची बोटे एकदम खाली येतात. डाव्या हाताकडे अवयवाच्या (सिलेबलच्या) आरंभीची व्यंजने, अंगठ्यांखाली ए, ओ, ई, यू हे स्वर आणि उजव्या हाताकडे शेवटची व्यंजने. असा एक दाब म्हणजे एक स्ट्रोक, आणि एका स्ट्रोकमध्ये उच्चाराचा एक अख्खा अवयव. प्रत्येक अक्षराला वेगळी कळ नसल्याने डावीकडचा ‘डी’ हा ‘टी’ आणि ‘के’ मिळून, ‘बी’ हा ‘पी’ आणि ‘डब्ल्यू’ मिळून होतो. इटलीच्या सेनेटमध्ये तर १८८०च्या आसपासच आंतोनिओ मिकेला यांचे असेच कळा एकत्र दाबण्याचे यंत्र वापरात आले होते. ही कल्पकता खरी आहे. तरीही या विद्येचा इतिहास नीट पाहिला तर वेगाचा मोठा वाटा यंत्राचा नसून संक्षेपांचा होता असे दिसते. आणि संक्षेप किती तोकडा करता येईल, हे लिहिणाऱ्याच्या चतुराईने कधीच ठरले नाही. पुढे तो कोण वाचणार, यावर ते ठरत गेले.

साधा हिशोब मांडू. अमेरिकेत नोंदणीकृत लघुलेखकाच्या परीक्षेत साक्षीच्या प्रश्नोत्तरांसाठी मिनिटाला २२५ शब्दांचा वेग लागतो आणि अचूकता ९५ टक्के. म्हणजे सेकंदाला पावणेचार शब्द. इंग्रजी शब्दाला सरासरी दीड अवयव धरले आणि प्रत्येक अवयव सुटा लिहिला, तर सेकंदाला साडेपाचांहून जास्त स्ट्रोक होतात. दहा बोटांनीसुद्धा हे फार वेळ पेलत नाही. म्हणून ‘ब्रीफ’ म्हणजे संक्षेप आले. एकट्या उजव्या ‘टी’ने ‘द’, डाव्या ‘एस’ने ‘इज’. पुढे शब्दांचे गटही एका दाबात बसवले गेले: ‘डू यू नो’ हा साक्षीतला नेहमीचा प्रश्न डी, ओ, यू आणि शेवटचा एन एकत्र दाबून लिहिता येतो. तीन शब्द, एक स्ट्रोक. हे सारे कागदाच्या अरुंद पट्टीवर उमटे आणि ती पट्टी नंतर लघुलेखक स्वतः किंवा त्याची पद्धत जाणणारा टंकलेखक वाचून काढी.

त्या काळी वाचणारा माणूस होता, ही गोष्ट निर्णायक ठरली. ‘इन टू’ हे दोन शब्द की एक, हे त्याला वाक्यावरून कळे. एकाच खुणेचे दोन अर्थ असले तरी बिघडत नसे, कारण खटला ठाऊक, विषय ठाऊक, बोलणारा कोण तेही ठाऊक. मोडी कागदपत्रे वाचणाऱ्यांना हा व्यवहार ओळखीचा वाटेल. पेशवाईतल्या पत्रात नुसता ‘छ’ आणि पुढे आकडा दिसला की मुसलमानी चांद्र महिन्याची तारीख आली, हे वाचणारा जाणत असे. म्हणून लिहिणाऱ्याला एका अक्षरात भागवता येई.

मग वाचणारा बदलला. यंत्रावरच्या लघुलेखनाचे आपोआप लिप्यंतर संगणकाकडून कसे करून घ्यावे, यावर जेरार्ड सॅल्टन यांनी १९५९ मध्येच निबंध मांडला होता. १९७०च्या दशकात तशा प्रणाली बाजारात आल्या. स्ट्रोकपुढे शब्द लिहिलेला कोश संगणकात भरायचा आणि त्याने तो जुळवायचा, एवढीच युक्ती. पण त्या संगणकाला संदर्भ कळत नव्हता. जिथे माणूस सहज निवड करी तिथे तो चुकीचा शब्द छापू लागला. त्यामुळे शिकवण्याची पद्धतच पालटली. ‘राइट’ या एकाच उच्चाराच्या शब्दांपैकी ‘लिहिणे’ या अर्थाच्या शब्दाला आरंभी ‘डब्ल्यू’ची कळ जोडायची, म्हणजे ‘बरोबर’ या अर्थाच्या शब्दाशी गल्लत होत नाही. कानाला ऐकू न येणारे अक्षर बोटांनी लिहायचे! एका खुणेचा एकच अर्थ असला पाहिजे, असा दंडक झाला. जुने द्व्यर्थी संक्षेप टाकून द्यावे लागले आणि लेखन काही काळ लांबले. १९८२ मध्ये ऑस्कर सोहळ्याला याच यंत्रलेखनावरून थेट उपशीर्षके देण्यात आली. तिथे तर मागाहून दुरुस्ती करायला उसंतच नव्हती. यंत्र सुधारले म्हणून लेखन आपसूक आखूड झाले, ही समजूत खोडायला एवढा पुरावा पुरे आहे.

यावर कोणी म्हणेल की अखेर विक्रम यंत्रानेच केला. बरोबर आहे: २००४ मध्ये मार्क किसलिंगबरी यांनी मिनिटाला ३६० शब्द ९७.२३ टक्के अचूकतेने लिहिले आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. पण १९२२ मध्ये नेथन बेहरिन यांनी न्यूयॉर्कमध्ये पिटमनच्या लघुलिपीत, साध्या लेखणीने, दोन मिनिटांच्या कसोटीत मिनिटाला ३५० शब्दांचा वेग गाठला होता. दोन्ही कसोट्या सारख्या नव्हत्या हे मान्य केले तरी ८२ वर्षे आणि एक अख्खे यंत्र मध्ये असताना फरक इतकाच उरतो. या दोघांत समान काय, तर संक्षेपांवरची हुकमत. किसलिंगबरी तर शब्दसमूह एका स्ट्रोकमध्ये बसवण्याचा उघड पुरस्कार करतात. हे आता शक्य होते, कारण संगणकाला संदर्भ कळत नसला तरी तो काही विसरत नाही. खूण निःसंदिग्ध असली की पुरे. मग कोशात असे हजारो संक्षेप भरा, वाचणारा दमत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी शिक्षकांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. आठवायला वेळ लागणारा संक्षेप पूर्ण लिहिण्यापेक्षा महाग पडतो. बोटे थबकली की पुढची दोन वाक्ये निसटतात. हे खरेच आहे. पण यातून संक्षेप टाळावेत असे निष्पन्न होत नाही, कोणते आधी शिकावेत एवढेच ठरते. वाहत्या इंग्रजी मजकुराचा जवळपास निम्मा भाग नेहमीच्या शंभरेक शब्दांनी भरलेला असतो. हे शब्द दर मिनिटाला पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांचे संक्षेप आठवावे लागत नाहीत, बोटांत बसतात. वर्षातून एकदा भेटणाऱ्या शब्दासाठी केलेला संक्षेप मात्र ऐन वेळी दगा देतो. तेव्हा या वाटेला लागलेल्या विद्यार्थ्याने लांबलचक याद्या पाठ करण्याच्या आधी हे शंभर शब्द आणि त्यांचे नेहमीचे गट पक्के करावेत, आणि विरळ शब्द अवयवाअवयवाने, निःसंकोचपणे पूर्ण लिहावेत.