हात आणि वही

मागच्या महिन्यात कंबर धरली. दिवसभर खुर्चीत बसून कोड बडवणाऱ्याची धरणारच, त्यात नवल काय! आई म्हणाली, "पंचवटीतल्या त्या हाडवैद्याकडे जाऊन ये." गेलो. काकांनी तेल लावलं, दोन-चार ठिकाणी दाबलं. तीन आठवड्यांत मी ठणठणीत. आई खूष!

माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. हा गुण काकांच्या हाताचा, की तीन आठवडे उलटल्याचा? काकांना विचारलं, "आजवर किती जणांना बरं वाटलं, कुठे लिहून ठेवलंय का?" ते हसून म्हणाले, "वडिलांनी हात शिकवला, वही नाही शिकवली."

झालं, शनिवार-रविवार वाचण्यात गेला. हातांनी हाडं-सांधे हाताळून उपचार करण्याची अशीच एक विद्या अमेरिकेत उभी राहिली, ती ऑस्टिओपथी. अँड्र्यू टेलर स्टिल हा तिचा जनक. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्याची तीन मुलं गेली. तेव्हाच्या औषधांवरचा त्याचा विश्वासच उडाला. १८७४ मध्ये त्याने आपली पद्धत जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात शाळा काढली. त्याचे सगळे दावे काही टिकले नाहीत. पण गंमत म्हणजे, ही मंडळी वहीकडे वळली. १९०१ साली त्यांच्या संघटनेचं नियतकालिक सुरू झालं. ते आजही निघतं, फक्त २०२१ पासून नाव बदललंय.

अर्थात, छापलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने ऑस्टिओपथीच्या शाळांची सालटी काढली. आपलंच मासिक, आपलेच वाचक, मग चुका दाखवणार कोण?

खरी परीक्षा मला दिसली ती १९९९ मधल्या एका शोधनिबंधात. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो छापून आला, म्हणजे परक्याच्या अंगणात. कंबरदुखीचे १५५ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला ऑस्टिओपथी. १२ आठवड्यांनी पाहिलं तर दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते! फरक इतकाच, की ऑस्टिओपथीवाल्यांना औषधं कमी लागली.

म्हणजे माझी कंबर हा पुरावा नव्हेच. नुसत्या वहीनेही भागत नाही. वहीत फक्त आलेल्यांची नोंद होणार. जे आलेच नाहीत, त्यांचं काय झालं हे कोण सांगणार? तुलना हवी, आणि ती तपासायला परका माणूस हवा. पण वहीच नसेल तर सुरुवात कुठून करायची?

आपल्या नाशकातच, म्हसरूळला, १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. फिजिओथेरपीत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलांना प्रबंध लिहावाच लागतो. त्यातल्या एखाद्याने काकांशेजारी सहा महिने बसावं, असं फार वाटतं. निकाल काकांच्या विरुद्ध गेला तरी तो छापावा. काकांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. हात काकांबरोबरच जाणार. त्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, तेवढं तरी मागे उरावं.

असो. परवा काकांना दोनशे पानी वही नेऊन दिली. पहिली नोंद माझीच आहे.