उटी (मोटारसायकलीची)

चाकास अटकाव करून वाहन जागच्या जागी स्थिर ठेवणारे साधन. उतारावर उभ्या केलेल्या बैलगाडीच्या चाकाखाली सरकवलेला दगड किंवा लाकडी ठोकळा हे तिचे आद्य रूप होय. अवजड मोटारसायकल दुसऱ्या वाहनातून न्यावयाची असता जिच्यात पुढचे चाक अडकवून गाडी उभी धरली जाते, ती लोखंडी चौकटही याच वर्गात मोडते. प्रस्तुत नोंदीत चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या अनुषंगाने तिच्या निवडीचा विचार केला आहे.

प्रयोजन : जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या उत्तर टोकास वडसा (देसाईगंज) येथे रेल्वे असली, तरी दक्षिणेकडील सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण जिल्हा मुख्यालयापासून सुमारे 200 किमी. दूर असल्याने, त्या बाजूस नादुरुस्त झालेली जड मोटारसायकल चंद्रपूर वा नागपूर येथील कारखान्यात पोचवावयाची तर मालवाहू गाडीच्या हौद्याखेरीज सहसा उपाय नसतो. आलापल्ली-आष्टी मार्गावर लोहखनिजाच्या मालमोटारींची वर्दळ असते आणि पावसाळ्यात रस्त्यास खड्डे पडतात; अशा मार्गावर बाजूच्या स्टँडवर सोडलेली गाडी दोराच्या भरवशावर उभी राहील, असे मानणे धोक्याचे आहे.

प्रकार : (1) सुटी पाचर, (2) हौद्याच्या तळास बोल्टने जखडलेली स्थिर चौकट, (3) झुलता पाळणा असलेली चौकट, जिच्यात चाक शिरताच पाळणा कलून चाकास मागून धरतो व एकट्या माणसासही गाडी बांधता येते.

निवडीचे निकष : पहिला निकष उंचीचा. बुलेट 350 चे वजन सुमारे 195 किग्रॅ. असून त्यातील निम्मा भार पुढच्या चाकावर येतो असे धरले, आणि मालवाहू गाडीने जोराचा ब्रेक लावताच मोटारसायकलीच्या एकूण वजनाच्या आठ दशांशाइतका रेटा पुढे येतो असे मानले, तर गणिताने उटीची उंची चाकाच्या व्यासाच्या जवळजवळ चतुर्थांश भरते. म्हणजे 100/90-19 मापाच्या टायरसाठी सुमारे 16 सेंमी. ठेंगण्या उटीवरून चाक चढून जाते. दुसरा निकष रुंदीचा : खाच टायरहून किंचितच रुंद असावी, कारण सैल खाचेत चाक डुलते व पट्टे ढिले पडतात. हिमालयनसारख्या 21 इंची अरुंद चाकाच्या आणि 19 इंची चाकाच्या गाड्या एकाच चौकटीने न्यावयाच्या असल्यास माप बदलता येणारी चौकट घ्यावी. मडगार्ड व डिस्क ब्रेक यांना चौकटीचा स्पर्श होता कामा नये. चौकट हौद्याच्या पातळ पत्र्यास न जोडता त्याखालील आडव्या तुळयांस जखडावी. टाटा एस (2005) या लहान मालगाडीचा हौदा सुमारे 7 फूट लांब आहे आणि बुलेटची लांबीही तितकीच. म्हणून तेथे चौकट तिरपी बसवावी किंवा मोठी गाडी ठरवावी.

काष्ठ : सुताराकडून उटी करवून घेण्याची सोय या प्रदेशात उत्तम असल्याने लाकडाचा विचार सविस्तर करणे इष्ट आहे. बल्लारशाह व आलापल्ली येथील लाकडाच्या आगारांमुळे सागाचे नाव प्रथम सुचते. 2023 साली अयोध्येच्या राममंदिरासाठी याच प्रदेशातून साग रवाना झाला होता. साग टिकाऊ आहे, त्यास वाळवी सहसा लागत नाही, तो फारसा वाकत नाही आणि त्यातील तैलद्रव्यामुळे खिळे गंजत नाहीत. तथापि आघात सोसण्याचा चिवटपणा त्यात धावडा व तिवस यांच्याइतका नाही. धावड्याचे आस व कुऱ्हाडीचे दांडे होतात आणि तिवसाची चाके व जू होतात, ती या चिवटपणामुळेच. धावडा वाळताना तडकतो, म्हणून तो सावलीत संथपणे मुरवलेला असावा. बीजा मध्यम गुणाचा; पेट्यांसाठी वापरली जाणारी सालई मात्र सर्वथा त्याज्य. पाचरीच्या लांबीस समांतर रेषा असलेलाच तुकडा घ्यावा, कारण आडव्या रेषांच्या पाचरीचे पातळ टोक पहिल्याच धक्क्यास तुटते. खिळे ठोकण्यापूर्वी गिरमिटाने भोके पाडावीत. चाकाकडील बाजू टायरच्या गोलाईप्रमाणे कोरलेली असल्यास पकड वाढते.

बांधणी : उटी चाक धरते, गाडी सरळ धरतात ते पट्टे; यांपैकी एकावरच विसंबणे हे अपघातास निमंत्रण होय. पुढचे दोन रॅचेट पट्टे फोर्कचे दोन नळ जोडणाऱ्या खालच्या जोडास बांधून पुढे व बाहेर सुमारे 45 अंशांत ताणावेत. मागचे दोन सांगाड्यास बांधावेत. फोर्कची स्प्रिंग किती दाबावी याविषयी मतभेद आहेत. ती पूर्ण दाबू नये, एवढे सर्वमान्य आहे. नायलॉनचा दोर ताणला जातो, यास्तव थोडे अंतर जाताच बांधणी पुन्हा तपासावी.

रेल्वे : बल्लारशाहहून पार्सलने पाठवताना टाकी रिकामी करून गाडी गोणपाटात बांधावी लागते.

जलमार्ग : पूल नसलेल्या घाटांवर मोटारसायकली डोंग्यातूनही नेल्या जातात.

दस्तऐवज : वनोपजाच्या वाहतुकीचे नियम राज्यशासन भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 41 अन्वये करते; म्हणून सागाची उटी करवून घेणाऱ्याने लाकूड खरेदीची पावती जपून ठेवावी.