'टू वन्स' आर की इज? जुन्नरमधला एक जुना वाद

व्याकरणाचा नियम कोणी केला, हे शाळेत विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. नियम आहे म्हणजे आहे. चुकला की गुण गेले. पण नियमांनाही जन्मतारीख असते, बाप असतो आणि बहुतेक वेळा त्या बापाची फजितीही झालेली असते.

जुन्नर, घोडेगाव, मंचर या पट्ट्यात आता गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत. त्यामुळे चहाच्या टपरीवर कांद्याच्या भावाबरोबर इंग्रजी ग्रामरचाही भाव निघतो. मागे अशाच एका बैठकीत दोन शिक्षक मित्र हमरीतुमरीवर आले. वाद काय, तर इंग्रजी वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन चालते की नाही. एकाच्या मते ते घोर पाप. दुसरा म्हणाला, "अरे, साहेब स्वतः तसं बोलतो, तू कोण अडवणारा?"

दुसऱ्याचे बरोबर होते. हा नियम इंग्रजीच्या पोटातून आलेला नाही. कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये जुन्या नाटककारांवर टीका करताना ही खोट काढली. लॅटिनमध्ये असे होत नाही, मग इंग्रजीत का व्हावे, असा एकंदर खाक्या. पुढे रॉबर्ट लाउथ नावाच्या पाद्र्याने १७६२ मध्ये व्याकरण लिहिले. आपल्या भाषेला ही सवय फार आहे, असे त्याने त्यात नोंदवले आणि ते सांगणारे वाक्य चक्क प्रीपोझिशननेच संपवले! त्याने ते मुद्दाम केले असे काही जण म्हणतात. मलाही तसेच वाटते, माणूस मिश्कील असावा. पण त्याच्यामागून आलेल्या मास्तरांनी विनोद गाळला आणि छडी ठेवली. १७९५ मध्ये लिंडली मरेचे पुस्तक आले. मरे अमेरिकन वकील, इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झालेला. मुलींच्या एका शाळेसाठी लिहिलेल्या त्याच्या पुस्तकावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या.

याच काळात आपल्या मराठीलाही इंग्रजी मापाचा अंगरखा शिवला गेला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ चे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा शब्दांच्या आठ जाती आपण आजही घोकतो, त्यांचा साचा इंग्रजी पार्ट्स ऑफ स्पीचचा. त्यावर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी लेख लिहून बरीच चिरफाड केली. पण साचा टिकला. त्यातली गंमत म्हणजे प्रीपोझिशन. नावातच 'आधी ठेवायचे' असा अर्थ, आणि आपण ते ठेवतो मागे. टेबलाखाली, शिवनेरीवर, माझ्यासाठी. लाउथसाहेब जुन्नरच्या बाजारात आले असते, तर "कशासाठी?" एवढा एकच प्रश्न ऐकून घेरी येऊन पडले असते.

इथे एक नाव मुद्दाम सांगतो, कारण ते आपल्याच लोकांना माहीत नसते. दादोबांच्या अकरा वर्षे आधी, १८२५ मध्ये, मुंबईत एक मराठी व्याकरण छापले गेले. लेखकाचे नाव महंमद इब्राहिम मखबा. त्याआधी १८२३ मध्ये त्यांनी हिंदुस्तानीचे व्याकरण लिहिले होते, 'तुहफा-ए-एल्फिन्स्टन'. मराठी तुमची नाही असे कोणी म्हटले, की मी भांडत बसत नाही. हे साल सांगतो.

आता मुद्द्याचे. माझी भाची वर्गात उभी राहून इंग्रजीत म्हणाली, "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स." वर्ग हसला. शिकवणारेही हसले. त्यानंतर वर्षभर तिने हात वर केला नाही. दहावीचे वर्ष होते आणि पोरगी हुशार होती. मला तिने विचारले, "मामू, ये रूल कौन बनाया?"

इंग्रजीत 'हॅव' हे क्रियापद अशा अर्थाने चालू काळात घालत नाहीत, हे खरे. पण मराठीत 'हॅव'ला सरळ क्रियापदच नाही. आपल्याला भाऊ 'असतात', आपण ते 'हॅव' करत नाही. पोरगी त्या रिकाम्या जागेत पाय रोवायला बघत होती. बरे, तिच्या प्रश्नातही दिल्लीवाल्याने चूक काढली असती. त्याच्या मते "किसने बनाया" हवे. पण दखनीत हा 'ने' चालतच नाही. आम्ही "मैं बोल्या" म्हणतो. आणि "वोइच", "मैंच" मधला 'च' आम्ही थेट मराठीतून उचलला. बिजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारात या भाषेत काव्ये झाली. नंतर उत्तरेची उर्दू प्रमाण ठरली आणि दखनी हसण्याचा विषय झाली. म्हणजे आमची मुले तीन भाषांच्या तीन परीक्षकांसमोर उभी असतात.

पण जुन्नरला मोडक्यातोडक्या भाषेचे वावडे कधीच नव्हते. निजामशाहीच्या आधी, बहामनी काळात, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इथे पावसाळा काढून गेला. इथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला होता, तो मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. त्याने लिहिलेला वृत्तान्त रशियनमध्ये आहे, पण मधेच तुर्की, फारसी, अरबी शब्द घुसतात आणि शेवटची दुआ तर पूर्ण खिचडी. आज रशियन लोक ती जुन्या साहित्यातला ठेवा म्हणून वाचतात.

त्याहून जुने पाहायचे तर नाणेघाटात चला. सातवाहन राणीचा तो लेख प्राकृतात आहे. संस्कृत नाटकांत बायका आणि विदूषक प्राकृत बोलतात, राजे संस्कृत. इथे मात्र राणीने आपल्या यज्ञांचा आणि दानांचा हिशेब प्राकृतातच दगडावर कोरून घेतला. जुन्नरच्या लेण्यांत तर यवनांचीही दाने आहेत. इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवून दिली आणि लेख इथल्याच बोलीत लिहवला. 'दोन'साठी त्यात शब्द आहे 'बे'.

हाच तो 'बे एके बे' मधला बे. सुमारे दोन हजार वर्षे टिकला. आता मुले म्हणतात 'टू वन्स आर टू'. त्यात 'आर' बरोबर की 'इज', यावर ते दोन शिक्षक मित्र गेल्या जुम्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत.