वन्यप्राण्यांचे क्रियाशीलताचक्र
वन्यप्राणी केव्हा हिंडतात, चरतात, शिकार करतात आणि केव्हा विसावतात, त्या कालक्रमाला क्रियाशीलताचक्र म्हणतात. सस्तन प्राण्यांत दैनिक चक्राचे नियंत्रण मेंदूच्या अधोथॅलॅमसमधील जैविक घड्याळ करते. ते पूर्ण अंधारातही सुमारे २४ तासांच्या लयीत चालते. दिवसाचा प्रकाश ते रोज दिवस-रात्रीशी जुळवतो. मात्र ही लय अटळ नाही. उत्तर ध्रुवीय प्रदेशातील स्वालबार्ड बेटांवरचे रेनडिअर अखंड उजेडाच्या व अखंड काळोखाच्या काळात दैनिक लय जवळजवळ सोडतात आणि चरणे व रवंथ यांच्या काही तासांच्या आवर्तनावर जगतात.

चांद्रमासाचाही प्रभाव पडतो. भक्षकांच्या भीतीने अनेक कृंतक चांदण्या रात्री बिळातून कमी बाहेर पडतात. किनाऱ्यावरचे खेकडे भरती-ओहोटी पाळतात. ऋतुचक्रात अन्न, पाणी व प्रजनन निर्णायक ठरतात : सह्याद्रीतील अनेक बेडूक कोरडे महिने दडून काढतात आणि पहिल्या पावसासरशी प्रजननासाठी बाहेर येतात. उत्तर अमेरिकेतील काही सिकाडा तर १३ किंवा १७ वर्षांनी एकदम जमिनीबाहेर येतात.

आज सर्वांत चिंताजनक घटक माणूस आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक विश्लेषणात ६२ सस्तन जातींचा अभ्यास होता. मानवी वावर वाढला तेथे त्यांची निशाचरता सरासरी १.३६ पट आढळली. जुन्नर-अकोले परिसरातील बिबटे दिवसा उसात दडतात आणि वस्तीजवळ प्रामुख्याने रात्री फिरतात.